मुलाला बरे करणे आणि मुलाचे करणे

अंगणवाडीत आरोग्य पथक तपासणी करून गेले की काही पालकांच्या हातात एक चिठ्ठी पडते. तिच्यावर ‘सीटीईव्ही’, ‘सीएचडी’ किंवा ‘जीडीडी’ अशी अक्षरे असतात आणि खाली ‘पुढील तपासणीसाठी पाठवावे’ असा शेरा असतो. मोहोळ किंवा अक्कलकोट तालुक्यातल्या वाडीवरचे आईवडील ती चिठ्ठी घेऊन एसटीने सोलापुरात येतात, दिवसभर रांगांमध्ये उभे राहतात आणि संध्याकाळी आणखी चार कागद घेऊन परततात. तरीही दोन प्रश्न त्यांच्याबरोबर तसेच घरी येतात. आपल्या मुलाला नेमके झाले आहे तरी काय, आणि आज रात्री घरी त्याचे काय करायचे?

मी बरीच वर्षे परिचर्येच्या विद्यार्थिनींना बालविभागात शिकवले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचे उत्तर देणे हे परिचारिकेचे काम आहे आणि नेमके तेच अनेकदा राहून जाते, म्हणून या लेखाचा बराचसा भाग दुसऱ्या प्रश्नाला दिला आहे.

चिठ्ठीवरची अक्षरे

सीटीईव्ही म्हणजे जन्मतः आत आणि खाली वळलेले पाऊल. सीएचडी म्हणजे हृदयाच्या रचनेतील जन्मजात दोष. जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी साधारण ८ ते ९ बाळांमध्ये तो आढळतो. जीडीडी म्हणजे पाच वर्षांखालील मुलाचे बसणे, चालणे, बोलणे, समजणे यांपैकी एकाहून अधिक बाबतींत वयाच्या मानाने बरेच मागे असणे.

यांतले पहिले दोन ‘जन्मजात विकार’ आहेत. शरीराची घडण गर्भातच वेगळी झालेली असते, मग ती जन्मल्याबरोबर दिसो अथवा काही महिन्यांनी लक्षात येवो. हृदयातले छिद्र किंवा बहिरेपण डोळ्यांना दिसत नाही, पण तेही जन्मजात असू शकते. तिसरा ‘विकासात्मक विकार’ आहे. येथे शरीर वरवर धडधाकट दिसते, परंतु मेंदूने टप्प्याटप्प्याने जी कामे हाती घ्यायची असतात ती उशिरा किंवा वेगळ्या रीतीने होतात. स्वमग्नता (ऑटिझम) याच गटात मोडते. काही मुलांमध्ये दोन्ही एकत्र असतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या पेशींमध्ये २१ क्रमांकाचे गुणसूत्र एक जास्त असते, त्यामुळे त्याचा विकास सावकाश होतो, आणि अशा जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयातही दोष असतो.

ही चिठ्ठी देणारे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे असते. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. जन्म ते १८ वर्षे या वयोगटासाठी तो आहे. पथकाने अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुले वर्षातून एकदा तपासायची असतात. नवजात बाळाला घरी जाऊन पाहण्याचे काम आशाताईंकडे आहे. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर त्यांनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला भेटायचे असते. या सहा भेटी पालकांनी मागून घ्याव्यात, कारण बाळाचे वजन वाढत नसल्याचे सर्वांत आधी तेथेच कळते.

परिचारिका म्हणजे इंजेक्शन देणारी, एवढेच?

मराठीत आपण सहज म्हणतो, ‘म्हातारपणी सासूबाईंचे सगळे तिनेच केले.’ या वाक्यातले ‘करणे’ हीच परिचर्या. ‘बरे करणे’ हे त्याहून वेगळे क्रियापद आहे. निमोनिया बरा होतो आणि मूल घरी जाते, परंतु जन्मजात किंवा विकासात्मक विकारांपैकी पुष्कळ विकार त्या अर्थाने कधीच बरे होत नाहीत. जे शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात त्यांच्या बाबतीतही मूल शस्त्रक्रियेच्या टेबलावर दोनचार तास असते आणि त्याआधीचे व नंतरचे हजारो तास कोणाच्या तरी मांडीवर असते. ते दूध गिळते की नाही, त्याचे वजन वाढते की नाही, त्याच्या पाठीची कातडी शाबूत राहते की नाही, यावरच शस्त्रक्रिया केव्हा करता येईल आणि तिचा किती उपयोग होईल, हे अवलंबून राहते.

दवाखान्यात हे तास परिचारिकेच्या हाती असतात आणि घरी आईच्या. म्हणून बालविभागातील परिचारिकेचे मुख्य काम माझ्या मते एकच आहे: आपल्या हातातले कसब मुलाला सुट्टी मिळण्याआधी आईच्या, आजीच्या आणि वडिलांच्याही हातांत उतरवणे. नुसते सांगून ते उतरत नाही. सोलापूरच्या कोणत्याही वॉर्डात मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी बोलणाऱ्या आया शेजारच्या खाटांवर असतात, आणि मराठीत भराभर दिलेल्या सूचनेला घाबरलेली तेलुगू आई केवळ मान डोलावते. मी विद्यार्थिनींना सांगत असे की आईला ‘समजले का?’ असे कधीही विचारू नका. ‘आता तुम्ही करून दाखवा’ असे म्हणा आणि हात मागे घेऊन पाहा.

दूध पाजण्यात शिकण्यासारखे काय आहे?

या विषयावर मी थोडे रेंगाळणार आहे, कारण सर्वांत मोठे नुकसान येथे होते आणि ते सर्वांत सहज टाळता येते.

टाळू फाटलेल्या बाळाची भूक आणि ताकद बहुधा ठीक असते. अडचण चोखण्याची असते. भोक पडलेल्या नळीने शहाळ्यातले पाणी ओढून पाहा. गाल दुखेपर्यंत ओढले तरी नळीत हवाच येते. फाटलेल्या टाळूमुळे तोंडात तशीच पोकळी धरत नाही. बाळ तासभर छातीशी राहते, दमून झोपते, आईला वाटते पोट भरले, आणि वजन मात्र घटत जाते. सांगोला तालुक्यातली एक आई दोन महिन्यांच्या अशा बाळाला घेऊन आली तेव्हा त्याचे वजन जन्माच्या वजनाहून कमी होते. आधीच्या ठिकाणी तिला फक्त ‘मोठे झाल्यावर ऑपरेशन करू’ असे सांगितले होते. ते चूक नव्हते, पण तोपर्यंत पाजायचे कसे, हे कोणीही तिला दाखवले नव्हते.

उपाय साधा आहे. आईचे दूध पिळून काढावे, बाळाला जवळजवळ बसते धरावे आणि वाटीचमच्याने, बोंडल्याने किंवा दाबता येणाऱ्या मऊ बाटलीने दूध गालाच्या बाजूला थोडे थोडे सोडावे. आपल्या आज्यांचे बोंडले येथे अगदी उपयोगी पडते. ते दर वेळी उकळून घेतले की झाले. बाळ हवा जास्त गिळते, म्हणून मधूनमधून खांद्यावर घेऊन ढेकर काढावा. नाकातून थोडे दूध आले तर घाबरू नये, क्षणभर थांबून पुन्हा सुरू करावे. पाजणे अर्ध्या तासात संपवावे, कारण त्याहून लांबले तर बाळ कमावते त्याहून जास्त शक्ती खर्च करते. दर आठवड्याला त्याच वजनकाट्यावर वजन करावे. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात आणि टाळूची नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान होते. भूल सोसण्यासाठी लागणारे वजन आणि रक्तातले हिमोग्लोबिन या वाटीचमच्यातूनच जमते. टाळू फाटलेल्या मुलांच्या कानात वारंवार पाणी साठते, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही कान तपासत राहावे लागते आणि पुढे वाचा उपचारही लागू शकतात.

हृदयाचा दोष असलेले बाळ वेगळ्या कारणाने उपाशी राहते. ते दोन घोट पिते, थांबते, त्याच्या कपाळावर घाम येतो आणि श्वास जलद होतो. आपण जिना चढताना जेवायचा प्रयत्न करावा, तशी त्याची अवस्था असते. त्याला थोडे थोडे आणि वारंवार पाजावे, मध्ये विसावू द्यावे. दूध पिताना कपाळावर येणारा घाम हे लक्षण प्रत्येक आजीला माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

याच हृदयविकारांपैकी फॅलोच्या चतुर्दोषात, म्हणजे हृदयात चार दोष एकत्र असतात तेव्हा, मूल रडता रडता एकाएकी निळे पडू शकते. अशा वेळी त्याचे दोन्ही गुडघे पोटावरून छातीकडे दुमडून त्याला उराशी धरावे, शांत करावे आणि तातडीने दवाखाना गाठावा. या स्थितीमुळे पायांकडील रक्तवाहिन्यांत दाब वाढतो आणि अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते. थोडी मोठी मुले हे आपोआप शोधून काढतात. खेळता खेळता ती उकिडवी बसतात. अशा मुलाला आळशी म्हणून उठवू नये, त्याचे हृदय तपासून घ्यावे.

मेंदूची इजा वाढत नाही, मग रोजची मेहनत कशासाठी?

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे वाढत्या मेंदूला लवकरच्या काळात झालेल्या इजेमुळे हालचालीवर आणि शरीराच्या ठेवणीवर आलेली मर्यादा. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना प्राणवायू कमी पडणे, तीव्र कावीळ, मेंदूचा जंतुसंसर्ग अशी तिची कारणे असतात. इजा पुढे वाढत नाही, असे डॉक्टर सांगतात आणि ते खरे आहे. मग पालक विचारतात, की वाढत नाही तर रोज एवढे कशाला करायचे?

सोलापुरात याचे उत्तर मागाकडे पाहून देता येते. ताण्यातला एक धागा तुटला, तर तो एकच धागा तुटलेला असतो. त्याची संख्या वाढत नाही. परंतु माग चालू राहिला तर त्या जागेची रेघ चादरीत पुढेपुढे उतरत जाते. मेंदूतील इजा त्या धाग्यासारखी एका जागी राहते, आणि शरीर मात्र रोज विणले जात असते. हाड वाढते, ताठ स्नायू त्या वेगाने लांबत नाही, सांधा आखडतो, खुब्याचा सांधा निखळू लागतो. ती रेघ जितकी लहान ठेवता येईल तितकी ठेवणे, हे रोजच्या परिचर्येचे काम आहे.

त्यासाठी महागडी उपकरणे लागतातच असे नाही. ज्या मुलाचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, त्याला पाळण्यातल्या बाळासारखे आडवे न उचलता कडेवर, आईच्या कमरेच्या दोन बाजूंना पाय टाकून घ्यावे. मांड्या आपोआप फाकतात आणि मूल जगही पाहते. बसवताना दोन भिंतींच्या कोपऱ्यात उशा लावून बसवावे. एकाच कुशीवर तासन्‌तास ठेवू नये. घरी विड्या वळणाऱ्या किंवा शिलाई करणाऱ्या आईला ‘दिवसातून तीन वेळा अर्धा तास व्यायाम’ असे लिहून देणे निरुपयोगी ठरते. तेच ताणणे अंघोळीच्या वेळी, कपडे बदलताना आणि कडेवर घेताना कसे करायचे हे दाखवले तर ते घडते. विड्यांच्या तंबाखूपासून मात्र मुलाला दूर बसवावे.

भरवण्याची एक पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती या मुलांना धोक्याची ठरते: मांडीवर आडवे घेऊन, डोके मागे टाकून घास घालणे. मागे झुकलेल्या मानेमुळे घास किंवा दूध श्वासनलिकेत जाऊ शकते. मुलाला बसते करावे, मान किंचित पुढे ठेवावी, स्वतः त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. खाताना ठसका लागणे, डोळ्यांत पाणी येणे, आवाज घोगरा-ओलसर होणे आणि वरचेवर छाती भरणे, या खुणा दिसल्या तर भरवण्याची रीत बदलण्यासाठी सल्ला घ्यावा.

अशा मुलांपैकी अनेकांना झटके येतात. झटका आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांमध्ये चमचा घालू नये. मुलाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला तर दवाखान्यात न्यावेच. झटके थांबले म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये.

पाय सरळ दिसल्यावर ब्रेस कशाला?

आत वळलेल्या पावलावर पोन्सेटी पद्धतीने उपचार होतात. दर आठवड्याला पाऊल हलकेच वळवून नवे प्लास्टर, अशी साधारण पाच ते आठ प्लास्टरे, आणि गरज पडल्यास टाचेच्या शिरेवर छोटी शस्त्रक्रिया. प्लास्टर असताना बोटे निळी, थंड किंवा सुजलेली दिसली तर लगेच दाखवावे. त्यानंतर तीन महिने दिवसाचे २३ तास आणि पुढे सुमारे चार वर्षांच्या वयापर्यंत झोपेत, विशिष्ट बूट-पट्टी (ब्रेस) घालायची असते. पाय सरळ दिसू लागला की घरात कोणीतरी ‘कशाला लेकराला त्रास’ म्हणून ती काढून ठेवते, आणि पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

‘याचे वडीलही उशिरा बोलले होते’

हा आक्षेप मी सर्वाधिक वेळा ऐकला आहे, आणि काही मुलांच्या बाबतीत तो खराही ठरतो. अडचण एवढीच की कोणाच्या बाबतीत खरा ठरेल हे घरी बसून ओळखता येत नाही. रब्बीची ज्वारी पेरणाऱ्याला वाफसा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ओल योग्य असते तेव्हाच पेरावे लागते. तेच बियाणे महिन्याने टाकले तर उगवणे आणि पदरात पडणे दोन्ही कमी होते. मेंदूचाही असा वाफसा असतो आणि पहिली तीन वर्षे त्यात फार मोलाची असतात. बहिरेपणाच्या बाबतीत तर हिशेब ठरलेला आहे: पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू.

म्हणून काही खुणा लक्षात ठेवाव्यात. दोन महिन्यांचे बाळ तुमच्याकडे पाहून हसत नाही, चार महिन्यांत मान धरत नाही, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षात चालत नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही, किंवा आधी बोलत असलेले शब्द हरवले, तर तपासून घ्यावे. तपासणीत सर्व ठीक निघाले तर एक दिवसाची मजुरी बुडेल, आणि ती किंमत लहान नाही हे मला माहीत आहे. पण वाफसा निघून गेल्याची किंमत त्याहून फार मोठी आहे.

स्वमग्न मुलाबद्दल येथे एवढेच सांगते की दवाखान्यातला गोंगाट, उजेड आणि अनोळखी स्पर्श त्याला खरोखर सोसवत नाही. ‘कशाने बिथरतो, कशाने शांत होतो?’ हे परिचारिकेने आईला आधी विचारावे, आणि विचारले नाही तर आईने आपणहून सांगावे.

ग्रहण, नात्यातले लग्न आणि आईवरचा आळ

‘ग्रहणात विळीवर बसली, म्हणून लेकराचा ओठ फाटला.’ हे वाक्य प्रसूतीनंतर चार दिवसांच्या आईला ऐकावे लागते. ओठ आणि टाळू गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांतच जुळून येतात. त्यांचे न जुळणे आनुवंशिक घटक आणि गर्भकाळातील इतर कारणे मिळून ठरते. त्याचा सावलीशी संबंध नाही. आईवर आळ आला की ती मुलाला लपवू लागते, लसीकरणालाही नेत नाही, आणि म्हणून हा आळ पुसणे हासुद्धा परिचर्येचाच भाग मी मानते.

नात्यातल्या लग्नांबद्दल मात्र खरे बोलले पाहिजे. आपल्या भागात मामाच्या मुलीशी आणि काही समाजांत सख्ख्या मामाशी लग्न होते. दोघांमध्ये एकच सदोष जनुक असण्याची शक्यता अशा जोडप्यांत वाढते. कोणत्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. मामे-आत्येभावंडांच्या लग्नात ती सुमारे दुप्पट होते. म्हणजे बहुसंख्य मुले तरीही निरोगी जन्मतात, पण एका मुलात दोष असेल तर पुढच्या गर्भारपणाआधी जनुकीय सल्ला घ्यावा. पाठीच्या कण्यातील दोष टाळण्यासाठी फॉलिक ॲसिडची गोळीही दिवस राहण्याआधीच सुरू करावी लागते, कारण गर्भातील मज्जानलिका, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतात ती नळी, पहिल्या २८ दिवसांतच बंद होते आणि तोवर बहुतेक जणींना दिवस गेल्याचे पक्के कळलेलेही नसते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात

येथे पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा या मुलांवर वेगळे लक्ष ठेवावे लागते. निळसर पडणाऱ्या हृदयरोगी मुलाचे रक्त आधीच दाट असते. जुलाब, उलट्या किंवा घामाने पाणी कमी झाले तर ते आणखी दाट होऊन गुठळी होण्याचा धोका असतो. त्याच्या उन्हाळी जुलाबाला ‘होईल कमी’ म्हणू नये. कण्याच्या दोषामुळे पायांना संवेदना नसलेले मूल तापलेल्या फरशीवर किंवा पत्र्यावर रांगत जाते आणि भाजले तरी रडत नाही. त्याला मोजे घालावेत आणि रोज रात्री तळवे, गुडघे, बैठकीची जागा डोळ्यांनी तपासावी. अशा मुलाच्या डोक्यात पाणी साठून नळी बसवली असेल, तर उलट्या, सुस्ती, डोक्यावरची फुगलेली टाळू ही लक्षणे उन्हावर ढकलू नयेत. नळी बंद पडल्याचीही ती लक्षणे असतात.

बरे होणार नाही, तर खर्च कशाला?

हा प्रश्न विचारणारे कठोर नसतात, थकलेले असतात. त्यांना मी एवढेच सांगते की स्वतःच्या हाताने घास घेणे, शू लागल्याचे सांगता येणे, खुर्चीत बसता येणे यांतले प्रत्येक कौशल्य मुलाला माणसांत आणते आणि सांभाळणाऱ्याचे ओझेही आयुष्यभरासाठी कमी करते. शिवाय सर्व खर्च घरावर पडत नाही. बाल स्वास्थ्य कार्यक्रमात निवडलेल्या आजारांचे उपचार मोफत आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र काढल्यावर सवलती मागता येतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी ‘निरामय’ या आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, आणि त्यात बाह्यरुग्ण उपचारही येतात.

आईलाही रजा हवी असते. घरातल्या दुसऱ्या एका माणसाला पाजणे, कडेवर घेणे आणि औषध देणे ही तीन कामे शिकवल्याशिवाय मुलाला घरी पाठवू नये, असे मी विद्यार्थिनींना बजावत असे.

एक वही करावी

दोनशे पानी साधी वही पुरते. पहिल्या पानावर मुलाच्या आजाराचे नाव, चालू औषधे व त्यांचे प्रमाण, ॲलर्जी आणि झटका किंवा निळे पडणे यांवर काय करायचे ते मोठ्या अक्षरांत लिहावे. कण्याचा दोष असेल तर ‘रबरी हातमोजे टाळावेत’ हेही तेथेच लिहावे, कारण या मुलांना लेटेक्सची ॲलर्जी बऱ्याचदा असते. पुढच्या पानांवर तारखेनुसार वजन, डोक्याचा घेर, झटक्यांची वेळ व मिनिटे आणि काय खाल्ले ते नोंदवावे. आईला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या भावंडाकडून किंवा आशाताईंकडून लिहून घ्यावे. पुण्याला किंवा मुंबईला जाण्याची वेळ आली तर फायलीच्या आधी ही वही पुढे करावी, कारण नवख्या सिस्टरला रात्री दोन वाजता त्या मुलाचे काय आणि कसे करायचे, हे त्याच पहिल्या पानावर सापडेल.